पहिल्या धारेची गाळणी

"आपण प्लॅस्टिक विकत नाही. प्लॅस्टिक बाजारात किलोवर मिळतं. आपण भोकं विकतो."

सरांचं हे वाक्य मी मुलाखतीला गेले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटलं, आपण चुकीच्या गाळ्यात शिरलो. भिवंडीत तेव्हा पत्र्याच्या गाळ्यांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या. आमच्या शेजारच्या गाळ्यात लूम खडखडायचे, पलीकडे कापडाच्या गाठी रचलेल्या असायच्या, आणि मधल्या गाळ्यात आम्ही औषध कंपन्यांसाठी गाळण्या बनवायचो. गाळणी म्हणजे चहाची नव्हे. कागदासारखा पांढरा, पातळ पडदा. त्यातून पाणी जातं, पण जंतू जात नाही, इतकी बारीक त्याची भोकं. इंग्रजीत त्याला मेम्ब्रेन म्हणतात. सर भोकंच म्हणायचे. बाहेरून आलेल्या टायवाल्या पाहुण्यांसमोरही.

"सर, पोअर म्हणा ना," शेठ कळवळून सांगायचा.

"पोअर म्हटल्याने ती लहान होतात का?"

शेठ आमच्या कोन गावचाच. बापजाद्यांची खाडीकाठची भातशेती गोदामांना देऊन झाल्यावर कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की फिल्टरच्या धंद्यात भविष्य आहे. भविष्य म्हणजे काय ते त्याला नीट कळलं नव्हतं, पण सरांना त्याने नोकरीवर ठेवलं आणि रोज सकाळी गाळ्यात येऊन तो एकच प्रश्न विचारायचा, "काय सर, आज भोकं पडली का न्हाय?" म्हणजे बघा, पाहुणे नसले की तोही पोअर म्हणत नसे.

मुलाखतीत सरांनी मला केमिस्ट्रीतलं काही विचारलं नाही. एक गाळणी आहे, म्हणाले. तिची सगळी भोकं बरोबर मापाची आहेत, फक्त एक मोठं आहे. कशी आहे गाळणी?

"जवळजवळ चांगली," मी म्हणाले.

"या जवळजवळ चांगल्या गाळणीतून आलेलं इंजेक्शन तू घेशील?"

मी गप्प बसले. त्यांनी मला त्याच दिवशी घेतलं. पुढे कळलं की माझ्या आधीचे उमेदवार गप्प बसले नव्हते.

घरी वडिलांनी विचारलं, "काय बनवतात तिकडं?" गाळण्या, मी म्हटलं. "म्हंजे प्लॅस्टिकच ना," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. ही गोष्ट मी सरांना सांगितली तेव्हा ते वडिलांवर नाराज झाले नाहीत. म्हणाले, "या भिवंडीत अर्ध्या लूमवर नायलॉनची साडी निघते. तेच नायलॉन. तिथे त्याला भोकं नसली तर भाव, इथे असली तर. वडिलांचं चुकलं नाही, त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली."

सर कल्याणला पुतण्याच्या घरी राहायचे. लग्न केलं नव्हतं. शेअर रिक्षातून कोनला उतरून उरलेलं अंतर चालत यायचे, भर मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. पडदे ओतायच्या खोलीत एसी होता आणि तिथून बाहेर आल्यावर स्वेटर काढायचं त्यांना सुचत नसे. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. एकदा एका रिक्षावाल्याने "चाचा, बुखार है क्या?" असं विचारून त्यांना दवाखान्यापर्यंत फुकट सोडलं. सर उतरले, दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले आणि चालत गाळ्यात आले. त्याचं मन मोडायला नको, एवढंच म्हणाले.

त्या ओतायच्या खोलीचे कायदे त्यांचे स्वतःचे होते. नायलॉनचे दाणे तिथे फॉर्मिक आम्लात विरघळवायचे. मुंगी चावली की जे चुरचुरतं तेच आम्ल, आमच्याकडे पिंपाने यायचं. मधासारखा दाट रस झाला की तो काचेवर पात्याने पसरायचा आणि काच पाण्यात सोडायची. बघता बघता तो पारदर्शक थर दुधासारखा पांढरा व्हायचा. तो पांढरेपणा म्हणजेच भोकं. हे सगळं हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून. हवा जास्त दमट झाली की भोकांची मापं बिघडायची, त्यामुळे खोलीत माणसांनी कमीत कमी श्वास घ्यावा असं सरांना मनापासून वाटायचं. बोलायला बंदी, गुणगुणायला बंदी. आमच्यातल्या एकीचं लग्न मोडलं होतं. ती बिचारी काम करता करता मोठ्याने उसासे टाकायची. सरांनी तिला अगदी मऊ आवाजात सांगितलं, "बाळ, उसासा बाहेर टाकून ये. इथे अख्खा लॉट वाया जातो." ती बाहेर गेली आणि हसायला लागली, आणि मग तिचे उसासेच थांबले. सरांनी याचं श्रेय घेतलं नाही. त्यांना ते कळलंच नव्हतं.

पॉलिमरबद्दल मात्र ते स्थळं जमवणाऱ्या आत्याबाईंसारखे बोलायचे. नायलॉनला पाण्याची ओढ आहे, पण हाताशी आलेलं प्रोटीन सोडत नाही, चिकट स्वभाव. पॉलिइथरसल्फोन सालस, सगळ्यांशी जमवून घेतं. सेल्युलोज अॅसिटेट कापसाच्या घराण्यातलं, नाजूक, आणि जंतूंना अडवायला बसवलं तर जंतूच त्याला खातात. टेफ्लॉन कोणाचंच ऐकत नाही. आणि पॉलिप्रोपिलीन, म्हणजे बादल्या बनवतात ते, मजबूत आणि स्वस्त, आम्लाला भीत नाही, पण पाण्याचं तोंड बघत नाही. आधी स्पिरिटने भिजवलं तर पाण्याला वाट देतं, नाहीतर दारात उभं करून ठेवतं.

तयार पडदा तपासायचा तो बुडबुड्याने. पडदा ओला करायचा, खालून हवा द्यायची आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा. पहिला बुडबुडा येतो ते सगळ्यात मोठं भोक, आणि पडद्याची लायकी त्या भोकावर ठरते. सर बुडबुड्याची वाट बघत नाक पाण्याला लागेपर्यंत वाकायचे. "माणूसही असाच बघावा," एकदा वाकल्या वाकल्याच म्हणाले. "दाब वाढवत न्यावा. पहिला बुडबुडा कुठून येतो ते लक्षात ठेवावं. सरासरी काढली तर सगळे सज्जनच असतात."

सरांचा स्वतःचा पहिला बुडबुडा मी पाहिला तो अकलोलीच्या पलीकडच्या एका पाड्यावर.

झालं असं की शेठला जिल्हा परिषदेच्या तिकिटाची स्वप्नं पडायला लागली. एका पुढाऱ्याने त्याला सुचवलं की तुझा पाण्याच्या फिल्टरचा कारखाना आहे, एखाद्या आदिवासी पाड्याला शुद्ध पाणी दे, मी स्वतः नळ सोडायला येतो. पाडा निवडला तोही खरा गरजेचा. तिथे भाताच्या खाचरांना लागून एक विहीर होती, दरवर्षी पावसाळ्यात पाड्यात जुलाब सुरू व्हायचे, आणि आदल्या पावसात त्यात एक लेकरू गेलं होतं.

सर आणि मी विहीर बघायला गेलो. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसत होते. जानकी नावाची एक बाई आमच्याबरोबर होती. पाड्यातल्या बायकांचा बचत गट तीच चालवायची आणि त्या गटाने नुकत्याच पाड्यातल्या दारूच्या भट्ट्या फोडल्या होत्या. गेलेलं लेकरू तिच्या जावेचं.

"पाणी चांगलं हाय ना?" तिने विचारलं.

"दिसायला चांगलं आहे," सर म्हणाले. "जंतू दिसत नाहीत म्हणून तर ते जगलेत."

परत आल्यावर सरांनी शेठला सांगितलं की नायलॉन लावू. उंचावर टाकी, खाली गाळणी, पाणी आपल्या वजनाने उतरेल. पण नायलॉनचे सगळे रोल एका औषध कंपनीच्या ऑर्डरीत अडकलेले होते, आणि कोपऱ्यात पॉलिप्रोपिलीनचे रोल पडून होते. शाई बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने नाकारलेले.

"हे लावा," शेठ म्हणाला.

"हे पाणी घेणार नाही. आधी स्पिरिटने भिजवावं लागतं, आणि एकदा वाळलं की पुन्हा तेच."

"सर, पाण्यात पडल्यावर कोण भिजत न्हाय? प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक."

सरांनी एका रोलवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "बरं."

मला ते "बरं" खटकलं. घरी जाताना मी विचारलं, की सर, नळातून पाणी आलं नाही तर? "येणारच नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण शेठला ते मी सांगून कळत नाही. पडदा सांगेल."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव, हार, लाऊडस्पीकर, सगळं होतं. पुढाऱ्याने पाण्यावर लांबलचक भाषण केलं. बायका नवे हंडे, नव्या कळश्या घेऊन उन्हात बसल्या होत्या. एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर नळासमोर गुडघ्यावर बसला. पुढाऱ्याने नळ सोडला. काही झालं नाही. त्याने नळ पुरता सोडला. टाकी भरलेली होती, वरून पाणी डचमळताना दिसत होतं, आणि नळातून एक थेंब पडत नव्हता. शेठने नळाला दोन चापट्या मारल्या. पुढाऱ्याने शेठकडे पाहिलं. शेठने सरांकडे पाहिलं.

सर स्वेटरमध्ये उभे होते. प्रयोग ठरल्याप्रमाणे चाललाय अशा चेहऱ्याने ते पुढे आले आणि माईक चालू आहे याचं भान न ठेवता म्हणाले, "याला आधी दारू पाजावी लागते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मागे बसलेल्या पुरुषांत खसखस पिकली. सरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, की हा पडदा पाण्याला जवळ करत नाही, अल्कोहोलला करतो, अल्कोहोल भोकांत शिरलं की त्याच्या मागून पाणी जातं. कोणी ऐकत नव्हतं. स्पिरिट आणायचं तर भिवंडीपर्यंत जायला हवं होतं आणि पुढाऱ्याला पुढचा कार्यक्रम होता. तेवढ्यात एक म्हातारा उठला, शांतपणे आपल्या झोपडीमागे गेला आणि मोहाच्या दारूची बाटली घेऊन आला. भट्ट्या फुटल्या होत्या, बाटल्या नव्हत्या.

सरांनी बूच काढून वास घेतला. "पहिल्या धारेची आहे का? दुसऱ्या धारेची चालणार नाही, पाणी जास्त असतं."

"पहिल्या धारेचीच हाय," म्हातारा दुखावून म्हणाला.

गाळणीचं झाकण उघडायला दोन्ही हात लागणार म्हणून सरांनी बाटली जवळ उभ्या असलेल्या शेठच्या हातात दिली. फोटोग्राफरने फोटो घेतला तो त्याच वेळी. मग दारू ओतली, थोडा वेळ मुरू दिली, नळ सोडला, आणि पाणी आलं. धार चांगली जाड होती. पहिल्या पाण्याला मोहाचा वास होता आणि ते फेकून द्यायचं असं सर ओरडून सांगत असताना पुरुषांची रांग लागली होती. बायका आपापल्या कळश्या घेऊन मागेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात शेठचा फोटो आला. गळ्यात हार, हातात बाटली, मागे "शुद्ध पाणी" असा फलक. तिकीट दुसऱ्याला गेलं. शेठ काही दिवस गाळ्यात आला नाही, आणि आला तेव्हा त्याने भोकं पडली का असं विचारलं नाही. सर खुशीत होते. एकदा पडद्याने सांगितल्यावर शेठ पॉलिप्रोपिलीन आणि नायलॉनमधला फरक जन्मात विसरणार नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मग एका दुपारी जानकी गाळ्याच्या दारात आली. बरोबर आणखी दोघी. एसटी बदलत बदलत आल्या होत्या. सरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, त्या बसल्या नाहीत.

"सर, तुमचं यंत्र दारू पितं," जानकी म्हणाली. "आमच्याकडं पिनारे काय कमी व्हते?"

गोष्ट अशी होती की पाड्यात वीज जायची, टाकीत पाणी चढायचं नाही, पडदा वाळायचा आणि नळ बंद पडायचा. मग पुरुष म्हणायचे, यंत्राला पाजायला पाहिजे. यंत्राला पाजायला म्हणून दारू पाडावी लागायची, आणि यंत्राला लागायची थोडी. एक भट्टी पुन्हा पेटली होती. गटाच्या बायका विरोध करायला गेल्या तर त्यांना सांगण्यात आलं की कारखान्याच्या साहेबांनी माईकवर सांगितलंय.

सरांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात घेतला.

"तुमाला ठाऊक व्हतं, यातनं पानी येनार न्हाय?" जानकीने विचारलं.

"होतं."

"मग बोलला का न्हाय?"

"बोललो होतो."

"कोनाला?"

"शेठला."

"पानी शेठ पिनार व्हता?"

सरांनी तोंडावरचा हात काढला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग ते म्हणाले, "चुकलं माझं. मला आठवडा द्या."

"पाऊस येतोय," जानकी म्हणाली. "नळ बंद असला की आमी विहिरीचंच पितो." आणि त्या तिघी गेल्या. चहा ठेवलेला तसाच राहिला.

त्या रविवारी सरांनी गाळा उघडला. मीही गेले. शेठला त्यांनी विचारलं नव्हतं. नायलॉनचा रस लावला, काचेवर पसरला, आणि पहिले पडदे बुडबुड्याच्या परीक्षेत नापास झाले. बाहेर ढग भरले होते, हवेत ओलावा होता, त्यात दुपारी वीज गेली आणि एसी बंद पडला. सरांनी खोलीतून मला बाहेर काढलं आणि दार लावून एकटेच आत राहिले, एका माणसाचा श्वास तरी कमी. मी दाराच्या काचेतून बघत होते. ते पाण्याच्या टाकीवर वाकून एक एक काच सोडत होते आणि मधे मधे श्वास रोखून धरत होते. एरवी हे दृश्य पाहून मी हसले असते.

संध्याकाळी शेठ आला. गाळा उघडा दिसल्यावर कुणीतरी त्याला फोन केला होता. मला वाटलं, आता भांडण. त्याने काचेतून आत पाहिलं.

"पाड्याचं करताय?"

मी हो म्हटलं. शेठने माणूस पाठवून शेजारच्या लूमवाल्याचा जनरेटर आणवला. "फोटो नको," एवढं मात्र बजावलं. एसी चालू झाल्यावर ओतलेले पडदे पास झाले.

बसवायला सर आणि मी दोघेच गेलो. मांडव नव्हता, माईक नव्हता. सरांनी नायलॉनचा पडदा बसवला, जानकीला सांगितलं की तूच नळ सोड. पाणी आलं. तिने नळ बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा आलं. पडदा काढून उन्हात वाळवायला लावला, मग परत बसवायला लावला, आणि तिसऱ्यांदा नळ सोडून बघितला. सर सगळं निमूट करत होते. इतकी कडक तपासणी आमच्या कुठल्या गिऱ्हाइकाने केली नव्हती. मग तिने कळशी भरून घेतली आणि बाकीच्या बायकांना हाक मारली. आता यंत्राने दारू सोडली असं तिने पाड्यात जाहीर केलं. म्हाताऱ्याला तेवढं वाईट वाटलं.

त्या पावसात पाड्यातलं कोणीच आजारी पडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कोणी गेलं नाही.

पुढे काही वर्षांनी शेठने धंदा बंद केला. भिवंडीत गोदामांना भाव आला होता आणि भोकांपेक्षा भिंती जास्त भाडं देत होत्या. ओतायच्या खोलीत चपलांची खोकी रचली गेली. मला अंबरनाथला नोकरी लागली, त्याच कामाची. सर घरी बसले. म्हणजे मला असं वाटत होतं. ते दर पावसाळ्याआधी, गाळ्यातून उरलेल्या पडद्यांतला एक घेऊन, एसटीने अकलोलीला जाऊन पडदा बदलून येत होते, हे मला कळलं ते त्यांच्या तेराव्याला.

कल्याणचं ते घर मी पहिल्यांदाच पाहत होते. माणसं मोजकी होती. शेठ आला होता, पांढऱ्या कपड्यात अवघडून बसला होता. काका नक्की कसल्या कंपनीत होते, हे पुतण्याने मला हळूच विचारलं. मी सांगत होते तेवढ्यात दारात चार बायका येऊन उभ्या राहिल्या, पुढे जानकी. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. पडदा बदलायला सर आले नाहीत म्हणून शोधत आल्या होत्या म्हणे, आणि कोनला पोचल्यावर कळलं.

पुतण्याला वाटलं, पत्ता चुकल्या. "तुम्ही काकांच्या कोण?" त्याने विचारलं.

जानकीने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. नातं काय सांगायचं ते त्यांचं ठरलेलं नव्हतं. "आमी त्यांच्या पान्यातल्या," ती म्हणाली.

पुतण्याला काही कळलं नाही, पण त्याने त्यांना आत घेतलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. जानकी फोटोसमोर हात जोडून आली, पानावर बसली, पण घास घेईना.

"आता जाळी कोन आननार?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

शेठ वाढायला उभा होता. हातातलं भांडं खाली ठेवून तो म्हणाला, "मी आणीन. दरसाल आणीन. हे सगळ्यांसमोर बोलतोय."

जानकीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी नको," ती म्हणाली. "तुमी परत पिनारी आनाल." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई आनतील."

तेराव्याच्या घरात कोणी हसत नाही. पहिला शेठच हसला, आणि मग डोळे पुसत आत निघून गेला. जानकी अजून माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली, तेव्हा तिने पहिला घास घेतला.